वाचक विचारतात : सलाईनमध्ये मिसळलेलं इंजेक्शन किती वेळ टिकतं?

अँटिबायोटिकचं इंजेक्शन सलाईनमध्ये मिसळल्यावर किती काळ कामाचं राहतं, याबद्दल परिचारिका, डॉक्टर आणि घरी रुग्णाची सेवा करणाऱ्यांकडून आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांतले आकडे औषधांच्या छापील पत्रकांत सर्वसाधारणपणे दिलेले असतात तेच आहेत. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या व्हायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, पूरक घटक वेगळे असू शकतात. तुमच्या खोक्यातलं पत्रक याहून कडक वेळ सांगत असेल, तर तीच वेळ पाळा.

प्रश्न : आमच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असते. त्यामुळे रात्री दहाचा आणि सकाळी सहाचा मेरोपेनेमचा डोस संध्याकाळी आठलाच १०० मिली नॉर्मल (मिठाच्या) सलाईनमध्ये मिसळून ट्रॉलीवर ठेवतात. सकाळपर्यंत बाटली पाण्यासारखी स्वच्छ असते. मग बिघडतं ते काय?
— परिचारिका, परळ

उत्तर : डोळ्यांना दिसेल असं काहीच बिघडत नाही, म्हणूनच ही सवय इतकी टिकून आहे. मेरोपेनेम, पेनिसिलिनं, सेफॅलोस्पोरिनं या सगळ्यांच्या रेणूत चार अणूंचं एक छोटं कडं असतं. त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. चारच अणू एका कड्यात कोंबल्यामुळे ते कायम ताणलेलं असतं. या ताणामुळेच ते जंतूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला चिकटून त्याचं काम बंद पाडतं. पण त्याच ताणामुळे साधं पाणीही ते कडं फोडू शकतं. कोरड्या पावडरीत मोकळं पाणी नसतं, म्हणून व्हायल वर्ष-दोन वर्षं टिकते. पाणी घातलं की त्या क्षणापासून कडी एकेक करून तुटायला लागतात. तुटलेला रेणू तसाच विरघळलेला राहतो, साका बसत नाही, वास येत नाही. जंतूंवर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही.

मूळ औषधाचा ९० टक्के भाग शिल्लक आहे तोवर द्रावण वापरण्याजोगं, असा सर्वसाधारण दंडक आहे. ही वेळ मोजली जाते २५ अंश सेल्सिअसला. पत्रकात 'रूम टेंपरेचर' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते २५ अंशांच्या खोलीबद्दल बोलत असतं. एसी नसलेल्या मुंबईच्या वॉर्डात मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ३२-३३ अंश सहज असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होतो. ८ अंशांच्या फरकाने तो पावणेदोन ते अडीच पट होतो. म्हणजे पत्रकात ६ तास लिहिलं असेल, तर आपल्या वॉर्डात ते अडीच ते साडेतीन तासच समजायचे. आमच्या मते हे गणित प्रत्येक नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावायला हवं.

आता मेरोपेनेमबद्दल. १ ग्रॅमची पावडर २० मिली स्टराईल वॉटरमध्ये विरघळवली की ५० मिलिग्रॅम प्रति मिली द्रावण होतं. ते १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये गेल्यावर बाहेर ठेवायला पत्रकं कंपनीनुसार १ ते ३ तास देतात, आणि फ्रिजमध्ये ५ अंशांपर्यंत सुमारे १५ तास. ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळलं तर ते ठेवायचंच नाही, लगेच सुरू करायचं. तुमच्याकडचा सकाळी सहाचा डोस दहा तास ट्रॉलीवर उभा असतो. तो बसत नाही, कुठल्याही पत्रकात बसत नाही.

याचा परिणाम एका डोसपुरता राहत नाही. ताप उतरत नाही, मग 'मेरोपेनेमला दाद देत नाही' असं केसपेपरवर लिहिलं जातं आणि रुग्णाला कोलिस्टिनसारखं किडनीवर ताण आणणारं औषध सुरू होतं. जंतूंनी औषधाला दाद दिली नाही असं आपण समजतो, पण त्यांच्यापर्यंत पुरेसं औषध पोचलेलंच नसतं.

उपाय सोपा आहे. संध्याकाळी प्रत्येक डोससाठी एक ट्रे लावून ठेवा : कोरडी व्हायल, स्टराईल वॉटर, सिरिंज, सीलबंद सलाईन, आणि रुग्णाचं नाव लिहिलेली पट्टी. वेळेला मिसळायला तीन-चार मिनिटं लागतात. अगदीच शक्य नसेल तर नॉर्मल सलाईनमध्ये निर्जंतुक पद्धतीने मिसळून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. आठ ते सहा हे दहा तास त्या १५ तासांत बसतात. तीन तास चालणारं मेरोपेनेमचं इन्फ्युजन लावायचं असेल, तर ते ताजं मिसळून त्याच क्षणी सुरू करा, आणि उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीशी स्टँड ठेवू नका.

प्रश्न : रुग्णाला ब्लडप्रेशर आणि हृदयाचा त्रास असल्याने मिठाचं सलाईन टाळायला सांगितलं होतं. म्हणून अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक दोन्ही ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये (म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनमध्ये) दिली. फार्मासिस्टने हरकत घेतली. त्यांचं बरोबर आहे का?
— नर्सिंग होममधील सिस्टर, दहिसर

उत्तर : हो, बरोबर आहे. विरघळवलेलं अँपिसिलिन बरंच अल्कलीधर्मी असतं, त्याचा पीएच ८ ते १० असतो. अशा द्रावणात ग्लुकोजचे रेणू बीटा-लॅक्टमचं कडं फोडायला पाण्याला हातभार लावतात. शिवाय अँपिसिलिनची आणखी एक खोड आहे. त्याच्या रेणूवरचा अमिनो गट शेजारच्या रेणूचं कडं फोडतो, आणि ते एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या तयार होतात. त्यामुळे द्रावण जितकं घट्ट, तितकं ते लवकर खराब होतं. नॉर्मल सलाईनमध्ये ३० मिलिग्रॅम प्रति मिलीपर्यंतचं अँपिसिलिन २५ अंशांना ८ तास टिकतं. डेक्स्ट्रोजमध्ये २ मिलिग्रॅम प्रति मिली इतकं पातळ केलं तरी ४ तास, आणि १०-२० मिलिग्रॅम प्रति मिली असेल तर फार तर २ तास. व्हायलमध्ये नुसतं विरघळवून ठेवलेलं असेल, तर तासाभरात वापरायचं.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकमध्ये आधी ढासळतं ते क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. १.२ ग्रॅमची व्हायल २० मिली स्टराईल वॉटरमध्ये विरघळवली की २० मिनिटांच्या आत ती एकतर शिरेत द्यायची किंवा १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालायची आणि ३०-४० मिनिटांत संपवायची. डेक्स्ट्रोज, डेक्स्ट्रान, बायकार्बोनेट यांत ते घालायचंच नाही.

मिठाची काळजी रास्त आहे, पण ती आकड्यात पाहा. १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये ०.९ ग्रॅम मीठ असतं. दिवसाला चार डोस झाले तर साडेतीन ग्रॅमच्या वर जातं, आणि हृदयाच्या रुग्णाला ते जड होऊ शकतं. पण त्यासाठी डेक्स्ट्रोजकडे वळायची गरज नाही, सलाईनच वगळता येतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक २० मिली पाण्यातूनच ३-४ मिनिटांत सावकाश देता येतं. अँपिसिलिन ५०० मिलिग्रॅम ३ ते ५ मिनिटांत, १ किंवा २ ग्रॅम असेल तर किमान १०-१५ मिनिटं घेऊन द्यायचं. घाई केली तर झटके येऊ शकतात. पद्धत बदलण्यापूर्वी डॉक्टरांकडून ऑर्डरवर तसं लिहून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात लेप्टोच्या संशयाने सेफ्ट्रायॅक्सोन द्यावं लागतं आणि त्याच रुग्णाला आरएल चालू असतं. आरएल बंद न करता थ्री-वेमधून (त्याच नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीतून) सेफ्ट्रायॅक्सोन दिलं तर काय होतं?
— डॉक्टर, कुर्ला

उत्तर : असं देऊ नका. इथे औषध हळूहळू कमजोर होत नाही, थेट नळीतच साका तयार होतो. आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट. त्यात लिटरमागे साधारण दीड-दोन मिलिमोल कॅल्शियम असतं. सेफ्ट्रायॅक्सोनचं कॅल्शियमशी न विरघळणारं मीठ बनतं. कधी ते पांढुरक्या ढगासारखं दिसतं, आणि कण बारीक असतील तर दिसतही नाही. हे कण फुप्फुसांच्या आणि किडनीच्या केशवाहिन्यांत अडकतात. नवजात बाळांच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला आणि २००९ मध्ये तो नेमका केला. आज नियम असा आहे : २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा द्यावं लागणार असेल, तर सेफ्ट्रायॅक्सोन अजिबात नाही, दुसऱ्या शिरेतूनही नाही. कावीळ असलेल्या नवजात बाळात सेफ्ट्रायॅक्सोन बिलिरुबिनला (काविळीच्या पिवळ्या द्रव्याला) रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून ढकलून मोकळं करतं, हे दुसरं कारण. अशा बाळांसाठी सेफोटॅक्सिमचा विचार करतात.

मोठ्या माणसात एकापाठोपाठ एक देता येतं, मात्र मधे लाईन धुवायला हवी. आरएल बंद करा, नॉर्मल सलाईनने लाईन फ्लश करा, मग १०० मिली नॉर्मल सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमधून ३० मिनिटांत सेफ्ट्रायॅक्सोन द्या, पुन्हा फ्लश करा आणि मगच आरएल सुरू करा. फ्लश म्हणजे कॅन्युलाला (शिरेत बसवलेल्या नळीला) २ मिली देणं नव्हे. नेहमीच्या आयव्ही सेटमध्ये १५-२० मिली द्रव मावतो. तो सेट तसाच वापरणार असाल तर तेवढा सगळा बाहेर पडला पाहिजे. सेफ्ट्रायॅक्सोनसाठी वेगळा सेट ठेवलात तर थ्री-वेच्या पुढचा भाग धुतला की पुरतं. पावसाळ्यातल्या गर्दीच्या वॉर्डात आम्ही वेगळ्या सेटचाच मार्ग सुचवू, कारण त्यात चूक व्हायला वाव कमी आहे.

व्हायल विरघळवायलाही आरएल वापरू नका. अनेकजण हाताला येईल ती बाटली टोचतात. सेफोपेराझोन-सल्बॅक्टमही आधी स्टराईल वॉटरमध्येच विरघळवायचं असतं, थेट आरएलमध्ये नाही. पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमची काहीच उत्पादनं आरएलबरोबर चालतात, तीही ईडीटीए हा पूरक घटक घातलेली. पत्रकात तसा उल्लेख नसेल तर चालत नाही असं धरा.

प्रश्न : पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि अमिकासिन दोन्ही एकाच वेळेचे असतात. एकाच बाटलीत मिसळले तर रुग्णाला एक सुई कमी टोचावी लागते. त्यानंतर त्याच लाईनने व्हँकोमायसिन द्यायचं असतं. असं केलं तर चालेल का?
— परिचारिका, गोरेगाव

उत्तर : रुग्णाला त्रास कमी व्हावा हा तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे दोन्ही औषधांचं नुकसान होतं. अमिकासिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन यांच्या रेणूवर अमिनो गट असतात. ते पिपेरासिलिनसारख्या पेनिसिलिनचं कडं फोडून त्याला चिकटतात, आणि दोघंही निकामी होतात. बाटली स्वच्छच दिसते. हीच क्रिया रक्ताच्या नमुन्यातही चालू राहते. त्यामुळे अमिकासिनची पातळी तपासायला घेतलेली ट्यूब टेबलावर तासन्‌तास पडून राहिली तर आकडा खोटाच कमी येतो आणि डोस विनाकारण वाढवला जातो. नमुना ताबडतोब लॅबला पाठवा.

व्हँकोमायसिनची गोष्ट वेगळी. त्याचं द्रावण आंबट असतं, पीएच २.५ ते ४.५. पिपेरासिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनच्या उरलेल्या थेंबांत ते आलं की नळीत पांढरं दिसू लागतं. मधे नॉर्मल सलाईनने लाईन पूर्ण धुवा. १ ग्रॅम व्हँकोमायसिन २० मिली स्टराईल वॉटरमध्ये विरघळवून किमान २०० मिलीमध्ये घाला, २५० घेतलंत तर अधिक बरं. मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने देऊ नका, म्हणजे १ ग्रॅमला १०० मिनिटं. घाई झाली की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, प्रेशर पडू शकतं. टिकाऊपणात मात्र ते बीटा-लॅक्टमांपेक्षा कितीतरी उजवं आहे. नॉर्मल सलाईनमध्ये २४ तासांत त्याला काही होत नाही.

प्रश्न : मग सगळ्याच औषधांना नॉर्मल सलाईन वापरलं की प्रश्न मिटला?
— फार्मसीचा विद्यार्थी, विलेपार्ले

उत्तर : नाही. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध याच्या अगदी उलट आहे. ते पाण्यात खरं म्हणजे विरघळतच नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. मिठाने ते कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. त्यामुळे साधं असो की लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं), ते स्टराईल वॉटरमध्ये मिसळून फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये द्यायचं, आणि आधी-नंतर लाईनही डेक्स्ट्रोजनेच धुवायची. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांमुळे हे औषध अनेक वॉर्डांनी पहिल्यांदाच हाताळलं. तिथे सलाईनने फ्लश करायची हाताची सवय मोडणं सगळ्यात अवघड होतं.

को-ट्रायमॉक्सॅझोलही डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. ५ मिलीच्या एका अँप्यूलला १२५ मिली घेतलं तर ६ तास, द्रव कमी द्यायचा म्हणून ७५ मिली घेतलं तर २ तास. हे फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, गढूळ दिसलं की फेकायचं. मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या तयार बाटल्याही फ्रिजमध्ये नकोत. थंडीने स्फटिक होतात.

कोलिस्टिन म्हणून आपण देतो ते खरं तर कोलिस्टिमेथेट असतं. पाण्यात मिसळल्यावर त्याचं हळूहळू कोलिस्टिन होतं, आणि ते शरीराला जास्त विषारी असतं. म्हणजे इथे शिळं द्रावण कमजोर होत नाही, घातक होतं. ताजंच मिसळा.

प्रश्न : रंग बदलला, फेस आला, व्हायलचं बूच फुगलं, तर औषध फेकायचं का?
— सिस्टर ट्यूटर, भायखळा

उत्तर : औषध कोणतं यावर ते ठरतं. सेफ्टाझिडिममध्ये सोडियम कार्बोनेट असतं, पाणी घातलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यात काही वावगं नाही, गॅस बाहेर पडू द्या आणि बुडबुडे निवले की मगच सिरिंजमध्ये ओढा, नाहीतर डोस कमी भरतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक विरघळताना क्षणभर गुलाबी छटा येऊ शकते. सेफ्ट्रायॅक्सोन फिकट पिवळं ते तांबूस पिवळं असतं. इमिपेनेम पिवळं चालतं, तपकिरी झालं की फेका.

प्रश्न : वडिलांना हाडाच्या संसर्गासाठी सेफॅझोलिन घरीच चालू आहे. नर्स सकाळी येऊन पुढचे डोस मिसळून फ्रिजमध्ये ठेवते. इमारतीत अधूनमधून वीज जाते. शिवाय बाटली संपल्यावर नळीत औषध उरलेलं दिसतं, ते वाया जातं का?
— वाचक, बोरिवली

उत्तर : सेफॅझोलिन बीटा-लॅक्टम गटातलं दणकट औषध आहे. २५ अंशांना २४ तास आणि फ्रिजमध्ये त्याहून कितीतरी जास्त काळ ते रसायन म्हणून टिकतं. घरी मिसळलेलं असेल तर जंतूंच्या भीतीने फ्रिजमध्येही २४ तासांची मर्यादा घाला. तास-दीड तास वीज गेली आणि फ्रिजचं दार उघडलं नाही तर बिघडत नाही. बाटली दारातल्या कप्प्यात किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकून नको, मधल्या फळीवर झाकणाच्या डब्यात ठेवा. देण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. गरम पाण्यात मात्र बुडवू नका. त्याने पुन्हा विघटनाचाच वेग वाढतो.

नळीत उरतं ते वाया जातं, आणि ते थोडं नसतं. सेटमध्ये १५-२० मिली राहतं. २ ग्रॅम औषध १०० मिलीमध्ये घातलं असेल तर त्यात ३०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. दिवसात तीनदा झालं की जवळपास अर्धा डोस कचऱ्यात जातो. नर्सला सांगा, बाटली संपत आली की त्याच बाटलीत सिरिंजने २५ मिली नॉर्मल सलाईन घालून तेही त्याच वेगाने जाऊ द्यायचं. आणखी एक गोष्ट पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीत हवा जावी म्हणून उघडी सुई खुपसली जात असेल, तर ती पद्धत बंद करा. हवेबरोबर जंतूही आत जातात. फिल्टर असलेल्या एअर व्हेंटचा सेट मागा.

प्रश्न : सहा महिन्यांच्या बाळाला २५० मिलिग्रॅम सेफ्ट्रायॅक्सोन लिहून दिलंय. दुकानात १ ग्रॅमची व्हायल मिळाली. उरलेलं उद्यासाठी ठेवता येईल?
— पालक, गिरगाव

उत्तर : रसायन म्हणून ठेवता येईल. विरघळवलेलं सेफ्ट्रायॅक्सोन फ्रिजमध्ये एक दिवस सहज टिकतं. पण या व्हायलमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून कुठलंही परिरक्षक घातलेलं नसतं, ती एकाच वेळेच्या वापरासाठी असते. बुचातून एकदा सुई गेली की आत काही गेलं असेल का, हे सांगता येत नाही. त्यामुळे उरलेलं टाकून द्या. २५० मिलिग्रॅमची व्हायलही बाजारात मिळते, पुढचे डोस तीच आणून द्या. शिरेतून द्यायचं असेल तर ती २.४ मिली स्टराईल वॉटरमध्ये विरघळवली की मिलीला १०० मिलिग्रॅम होतं. खोक्यात सोबत लिडोकेनची अँप्यूल आली तर ती बाजूला ठेवा. ती फक्त स्नायूत द्यायच्या इंजेक्शनसाठी असते, शिरेत कधीच नाही.